मदत हवी आहे : ‘ठक’ आणि ‘ठग’, क आला कुठून?

हिंदी-गुजरातीत ‘ठग’, मराठीत मात्र ‘ठक’. संस्कृतात ‘स्थग’ म्हणजे लबाड, फसवा. त्यामागचा धातू ‘स्थग्’, अर्थ झाकणे, लपवणे. ‘स्थगित’ याच धातूचा. प्राकृतात ‘स्थ’चा ‘ठ’ होतो (‘स्थान’चे ‘ठाण’ तसे), म्हणून ‘ठग’ सरळ जुळतो. अडचण शेवटच्या व्यंजनाची आहे. शब्दाच्या मध्ये क-चा ग होणे नेहमीचे (काक, काग), पण ग-चा क होणे विरळ. बंगालीतही ‘ठक’ आहे, त्यामुळे हा फक्त मराठी उच्चाराचा प्रकार म्हणता येत नाही.

क्रियापदेही पाहा: ‘ठकणे’ म्हणजे फसणे, ‘ठकवणे’ म्हणजे फसवणे. ‘ठकास महाठक’ मधला ठक बुद्धीने फसवतो. इंग्रजीत गेलेला ‘ठग’ मात्र वाटसरूंचा विश्वास मिळवून गळा आवळणारा. त्यांच्याविरुद्ध कंपनी सरकारने 1836 साली कायदाच केला. आजच्या इंग्रजीत तर त्यातली फसवणूक गळून दांडगाई तेवढी उरली. हे दोन अर्थ एकत्र करू नयेत.

मदत अशी हवी:
‘ठक’ किंवा ‘ठकणे’ असलेली जुन्या मराठीतली ओवी, बखर वा पत्र माहीत असेल तर मूळ ओळ जशीच्या तशी द्या, ग्रंथ आणि ओवी क्रमांकासह. संपादकाने शुद्धलेखन बदललेली आवृत्ती असेल तर तसे लिहा, कारण इथे एका अक्षराचाच प्रश्न आहे.
तुमच्या बोलीत ‘ठग’ म्हणतात का? तालुका सांगा.
आणि लाकडी बाहुलीला ‘ठकी’ म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध लावता येतो का?