चित्र घरी बसून विकावं की लिलावात द्यावं?

छत्रीकाठ:
आमच्या इंदूरच्या घरी, दिवाणखान्यात एक जलरंग आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, सकाळचं ऊन, खाली कान्ह नदीचं पाणी. देवळालीकर सरांनी १९२७ साली सुरू केलेल्या, जिथे चित्रकार बेंद्रे घडले त्या चित्रशाळेतल्या एका चित्रकाराकडून आजोबांनी ते १९५४ मध्ये ७५ रुपयांना घेतलं. पावती अजून आहे.

परवा एक संग्राहक आले. चित्र समोरून मिनिटभर पाहिलं, मग म्हणाले, "ताई, उलटं करू का?" मागे पेन्सिलीने तारीख, सही आणि फ्रेमवाल्याची अर्धी फाटलेली चिठ्ठी. तिथे मात्र दहा मिनिटं. मग, "तुमची अपेक्षा काय?" मी आकडा सांगितला नाही. ते दीड लाख म्हणाले. मी नकारार्थी मान हलवली, तर चपला घालता घालता दोनवर आले.

माझं मत, विकायचं तर असंच, समोरासमोर. लिलावगृह आपल्याकडून कमिशन घेतं, चित्र घेणाऱ्याकडून बोलीवर वेगळी रक्कम, म्हणजे प्रीमियम. बोली लागली नाही तर चित्राच्या नावाला बट्टा. शिवाय हे गृहस्थ चित्र इंदुरातच ठेवणार आहेत. मला त्याचं मोल वाटतं.

जुनी पोथी:
अजिबात पटलं नाही. उंबऱ्यावर पन्नास हजार वाढवणाऱ्याची खरी तयारी किती होती, ते तुम्हाला कळलंच नाही. गिऱ्हाईक एकच असलं की भाव तोच ठरवतो. "इंदुरातच ठेवणार" हे तोंडी बोलणं. सहा महिन्यांत मुंबईला विकलं तर काय कराल? आणि पावती त्यांच्या हातात दिलीत का?

छत्रीकाठ:
फोटो काढू दिला, मूळ पावती कपाटात आहे. चार ठिकाणी फिरवलेलं चित्र बाजारात शिळं होतं, हेही खरं ना? आईला घरात अनोळखी माणसांची रीघ नको आहे.

जुनी पोथी:
मग निदान दुसऱ्या एकाला दाखवा. आणि मूळ पावती पैसे खात्यात जमा झाल्यावरच द्या. तिच्याशिवाय ते चित्र निम्म्या किमतीचं.

हिशेबी:
रोखीचा विषय निघाला तर सावध. दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर ती घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, तेवढाच दंड. करासाठी चित्र घरगुती सामानात धरत नाहीत, ती भांडवली मालमत्ता. नफ्यावर साडेबारा टक्के कर. वारशाने आलेल्या इतक्या जुन्या चित्राला १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. मूल्यांकन लेखी करून घ्या.

रंगपेटी:
भाव झाला, कर झाला, चित्रकाराचं कुणी काढलंच नाही. कॉपीराइट कायद्यात सरळ तरतूद आहे: मूळ चित्र १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. चित्रकार जाऊन साठ वर्षं होईपर्यंत हा हक्क राहतो. त्या ७५ रुपयांत तो विकला गेलेला नाही.

जुनी पोथी:
कागदावर आहे हो. देतं कोण?

छत्रीकाठ:
मी देईन. मला हे ठाऊकच नव्हतं. चित्रकारांना जाऊन अजून साठ वर्षं झालेली नाहीत आणि त्यांची मुलगी इथेच, दोन गल्ल्या सोडून राहते. संग्राहक रविवारी परत येणार आहेत. त्याआधी तिच्याकडे जाऊन येते. पावतीही घेऊन जाईन. पावतीवर तिच्या वडिलांचं अक्षर आहे.