लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळे, पण डॉक्टर म्हणतात लिव्हर ठीक आहे??

साताऱ्याची_आई
मुलगा ३ वर्षांचा. परवा सकाळपासून मलूल, ओठ पांढरेफट्ट, आणि पॉटीत बघते तर लघवी अगदी कोऱ्या चहाच्या रंगाची. डोळेही पिवळे. सासूबाई म्हणाल्या कावीळ आहे, गावात उतरवणारा आहे त्याच्याकडे नेऊ. मी मात्र सरळ दवाखाना गाठला. हिमोग्लोबिन ६.४ निघालं, मागच्या महिन्यात १०.९ होतं, लगेच ॲडमिट करून रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाले लिव्हर चांगलं आहे, तांबड्या पेशी फुटतायत, आणि विचारलं काय तर घरात डांबराच्या गोळ्या आहेत का?? मी बघतच राहिले. त्याचा काय संबंध? पिवळेपणा मग कशाचा? आणि ही जी-सिक्स-पीडी टेस्ट काय असते?

लॅबवाला_दादा
ताई, आधी दवाखान्यात नेलंत ते लाख मोलाचं केलंत. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, मग प्लीहा तिला मोडीत काढते आणि नवीन तयार होतात. एकदम ढिगाने फुटल्या की हिमोग्लोबिन खाली येतं आणि त्यातून निघालेलं बिलिरुबिन, म्हणजे पिवळं रंगद्रव्य, लिव्हरला उरकत नाही, म्हणून पिवळेपणा, लिव्हर बिचारं ठणठणीत असतं. रिपोर्ट बघा, इनडायरेक्ट बिलिरुबिन (लिव्हरने अजून न उरकलेलं) जास्त असेल, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात येणारं एन्झाइम) पण वाढलेलं असेल. आणि लघवीचा रंग बिलिरुबिनचा नाही, पेशी रक्तातच फुटल्या की हिमोग्लोबिन थेट लघवीत उतरतं. आमच्याकडे पट्टी बुडवली की रक्त दाखवते आणि मायक्रोस्कोपखाली बघावं तर एकही तांबडी पेशी नाही, तिथेच संशय येतो. किडनीला त्रास होऊ नये म्हणून सलाईन लावतात, लघवी किती होते त्यावर लक्ष ठेवा.
जी-सिक्स-पीडी हे पेशीला सांभाळणारं एन्झाइम. ते कमी असलं की एरवी पोरगं धडधाकट, पण ठराविक औषध नाहीतर डांबराच्या गोळीतलं नॅफ्थलीन अंगात गेलं की १-३ दिवसांत पेशी फुटायला लागतात.

साताऱ्याची_आई
आत्ता कळलं!! थंडी पडली म्हणून सासूबाईंनी ट्रंकेतून गोधड्या काढल्या होत्या, उन्हात न घालताच पांघरल्या, आणि हा ट्रंकेतच बसून खेळत होता. एखादी गोळी तोंडात गेली असेल तर देव जाणे. रक्त वाढायला बीट, खजूर, आयर्नचं टॉनिक सुरू करू का?

लॅबवाला_दादा
बीट खाऊ दे, पण टॉनिक विचारल्याशिवाय नको. रक्त सांडलेलं नाही, फुटलंय, त्यातलं लोह बहुतेक शरीरातच राहतं. फॉलिक ॲसिड मात्र डॉक्टर देतात, नवीन पेशी बनायला लागतं ना.
अजून एक, ही टेस्ट आत्ता नॉर्मल आली तरी निर्धास्त होऊ नका. कमी एन्झाइमवाल्या म्हाताऱ्या पेशी फुटून गेल्या, उरल्या त्या ताज्या, शिवाय चढवलेलं रक्त दुसऱ्याचं. ३ महिन्यांनी परत करा.

गडचिरोलीची_मावशी
माझ्या भाचीला सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार) आहे म्हणून सांगते, तिथेही पेशी फुटतात पण ते रोजचंच असतं, पेशी १०-२० दिवसच टिकते. डोळे कायम जरा पिवळे, हातपाय ठणकतात, पित्ताशयात खडे पण झाले. तुमच्या बाळाचं तसं नाही, कारण टाळलं की तो बरा. आणि हो, हे जी-सिक्स-पीडीचं आईकडून मुलांमध्ये येतं, माहेरी कुणाला काही झालंय का बघा.

साताऱ्याची_आई
मावशी, आत्ताच माहेरी फोन केला! माझ्या भावाला अलिबागला मलेरिया झाला होता, तेव्हा १४ दिवसांच्या गोळ्या ५व्या दिवशीच बंद केल्या होत्या, लघवी काळी झाली म्हणून. कुणी पुढे काही तपासलंच नाही.

लॅबवाला_दादा
प्रायमाक्विन असणार, मलेरियाची ही गोळीही जी-सिक्स-पीडी कमी असलेल्यांच्या पेशी फोडते. मामाचीही टेस्ट करा. आणि तुमची दुसरी मुलं, बहिणीची मुलं असतील तर त्यांचीही.

साताऱ्याची_आई
हो. आज लघवीचा रंग पातळ चहावर आलाय, थोडा वरणभात खाल्ला. ट्रंक अंगणात उघडी टाकलीय, सासूबाई स्वतः गोळ्या वेचतायत. आत्तापर्यंत ११ निघाल्या.