कॅसेट आमच्याकडं, गाणं कुणाचं?

शहापूरच्या आमच्या घरात आजोबांची पत्र्याची पेटी उघडली, तर बावीस कॅसेटी निघाल्या. भजनी मंडळांच्या, शाहिरांच्या, दोन नाट्यगीतांच्या. काढणाऱ्या छोट्या कंपन्या कधीच बंद पडल्या. त्या नेटवर टाकाव्यात की नाही, यावरून घरातच दोन तट पडलेत. सीमाभागात आणखी कुणाला असा अनुभव आला असेल तर लिहा. काय केलंत, कुणाला विचारलंत, कोण दुखावलं, सगळं सांगा. सुरुवात मी करतो.

पावसाळ्यांनी फितींवर पांढरी बुरशी धरली होती. एका कॅसेटीतला फितीमागचा मऊ तुकडा गळून पडलेला, तो दुसरीतून काढून बसवला. मग डेकच्या हेडजवळचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला आणि इतका वेळ घोंगडीखालून आल्यासारखे वाटणारे टाळ एकदम खणखणले. त्या आनंदात त्याच रात्री दोन भजनं यूट्यूबवर टाकली. विचारायचं सुचलंच नाही. आठवड्यानं गायकाच्या मुलाचा फोन आला. "आमच्या तात्यांचा आवाज घरात कुणाकडंच नव्हता. पण खाली नाव दुसऱ्याचंच घातलाय की हो." वेष्टनावर मंडळाच्या प्रमुखांचं नाव होतं, मी तेच गायकाचं समजलो होतो. लगेच दुरुस्त केलं. पण आठवडाभर तात्यांचा आवाज भलत्याच नावानं फिरला, हे मला अजून सलतं.

उचगाव, शाहिरी करायचो
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. १९९१ साली आमची कॅसेट निघाली. एकरकमी दीड हजार आणि वर पंचवीस कॅसेटी हातात. त्या पंचवीस मीच जत्रांतून विकल्या. पुढं कंपनीनं किती काढल्या, किती खपल्या, काही कळलं नाही. आता कुणीतरी ती पूर्ण कॅसेट चढवलीय, मध्येमध्ये जाहिराती लागतात. खाली एकानं विचारलंय, 'शाहीर हयात आहेत का?' आहे बाबा, रोज रानात जातो. नातवाकडून त्या चॅनेलवाल्याला निरोप धाडला, तर त्यानं घाबरून व्हिडिओच काढून टाकला. मला ते नको होतं हो. पोरांनी ऐकावं, खाली माझं आणि ढोलकीवाल्याचं नाव असावं आणि जाहिरातीच्या पैशातला वाटा मिळावा, एवढंच म्हणणं होतं. आता पैसेही नाहीत आणि गाणंही नाही.

बेळगाव, वकिली
'बाजारात मिळत नाही म्हणजे मोकळं झालं' असं पुष्कळजण धरून चालतात. तसं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे शाहिरांची १९९१ ची कॅसेट २०५१ संपेपर्यंत. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण कुणी तो गाऊन कॅसेट काढली असेल तर ते मुद्रण सगळ्यांचं नव्हे.

उलटंही घडतं. आमच्या गल्लीतल्या मंडळानं स्वतः म्हणून यूट्यूबवर टाकलेल्या आरतीवर एका कंपनीचा क्लेम आला, म्हणजे 'हे मुद्रण आमचं' असा दावा. शब्द पारंपरिक, चाल पारंपरिक, आवाज घरचे. आक्षेप नोंदवल्यावर तो सुटला, पण तोवर त्या साध्या माणसांना आपणच चोरी केली असं वाटत होतं.

निपाणी, शिक्षिका
सौंदत्तीच्या डोंगरावर एक आक्का चौंडकं वाजवून गात होत्या. फोनवर घेतलं आणि विचारलं, "आक्का, नेटवर घालू काय?" "घाल की. पण शेवटचं पद नको. ते देवीपुढंच म्हणायचं." ते पद मी त्यांच्यासमोर पुसलं. त्यांच्या मुलीचं चॅनेल आहे हे नंतर कळलं. १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघणं झाल्याशिवाय जाहिरातीचा वाटा सुरू होत नाही, आणि ती अजून खूप मागं आहे. म्हणून मी माझ्याकडं काहीच ठेवलं नाही, सगळं तिच्या चॅनेलला दिलं.

चिकोडी
विचारायला माणूसच सापडला नाही तर? वेष्टनावरच्या पत्त्यावर गेलो, तिथं आता मोबाइलचं दुकान. गावात तीनदा जाऊन आलो. गायिका वारलेल्या, मूलबाळ नाही. फीत तर दर पावसाळ्याला आणखी खराब होतेय. शेवटी चढवलं, पैसे न घेता. कुणी नातलग पुढं आले तर त्यांचं म्हणणं मान्य, असं खाली लिहिलंय. वकीलसाहेब चूक म्हणतील, म्हणोत. तो आवाज मला मरू द्यायचा नव्हता.

शहापूर, धागा काढणारा
उचगावच्या शाहिरांना: वर्ष आणि वर्णन वाचून मी पेटी परत काढली. तुमची कॅसेट आमच्या आजोबांकडं आहे! दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच फीत थोडी चुरगळलीय, बाकी स्वच्छ वाजते. रविवारी डेक घेऊन येतो. ढोलकीवाल्यांचं नाव तेवढं आठवून ठेवा. चॅनेल नातवाच्या नावानं काढू.