शिक्षण परिषदेत संशोधन मांडायचंय, सल्ला हवा

पाटीवाला
आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत २८ शिक्षक असतात, मला ४० मिनिटं मिळतील. 'न बघता आठवून लिहिल्याने जास्त लक्षात राहतं' हे संशोधन घ्यायचंय, चौथी-पाचवीसाठी. मूळ लेख इंग्रजीत आहे आणि त्यात आकडेच आकडे. स्लाइड दाखवल्या की सगळे मान डोलावतात, वर्गात काहीच पोचत नाही. हातात नेमकं काय द्यावं?

खडूफळा
सर, स्लाइड सोडा. ए-४ कागदाची एकच बाजू छापा. वरती निष्कर्ष नको, कृती हवी: 'उद्या परिसर अभ्यासाच्या तासाला पहिली ५ मिनिटं पुस्तक मिटून ४ प्रश्न.' त्यातले दोन कालचे, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. उत्तरं प्रत्येकाने वहीत लिहायची, मग लगेच फळ्यावर बरोबर उत्तर, आणि ज्याने त्याने आपलं आपण दुरुस्त करायचं.

पुराव्याला एक प्रयोग पुरे: रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा, २००६ चा. सगळ्यांनी उतारा वाचला. मग एका गटाने तोच पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवेल तेवढं लिहिलं. ५ मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर ते ४२ वर आणि लिहिणारे ५६ वर. यातली पहिली जोडी गाळू नका. धडा दोनदा वाचून घेतला की लगेच हात वर होतात आणि सराव झाला असं वाटतं, हे शिक्षकाला रोज दिसतं. फसगत तिथेच होते. हे विद्यार्थी अमेरिकेतले, कॉलेजातले होते, हेही त्याच कागदावर लिहा. लपवलं आणि कुणी विचारलं, तर पुढचं कुणी ऐकणार नाही.

कागदाचा तळचा भाग 'कुठे बिघडतं' याला द्या. तोंडी विचारलं की तीच पाच मुलं उत्तरं देतात, बाकीच्यांचा सराव होतच नाही. गुण दिले की मुलं शेजारी बघतात. बरोबर उत्तर दाखवायचं राहिलं की चुकीचंच पक्कं होतं. आणि जो भाग समजलाच नाही तो कितीही वेळा विचारला तरी आठवणार नाही. तो आधी पुन्हा शिकवायला हवा.

४० पैकी १० मिनिटं तुम्ही बोला. मग शिक्षकांना इयत्तावार बसवून, पाठ्यपुस्तक समोर ठेवून, येत्या आठवड्याचे प्रश्न तिथेच लिहून घ्या. 'घरी जाऊन तयार करा' म्हटलंत की ते राहून जातं.

गुणाकार
कागद चांगलाच आहे, पण वेळापत्रकात जागा नसेल तर तोही फायलीत जाईल. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या स्तरानुसार अध्यापनाचं (मुलाला आत्ता जेवढं येतं तिथून शिकवण्याचं) उदाहरण बघा. बिहारमध्ये शालेय वर्षात शिक्षकांना फक्त साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, तिथे वाचनात फरक दिसला नाही. हरियाणात त्यासाठी शाळेतला एक तास वेगळा काढला, मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या स्तरावर केले, केंद्र पातळीवरचे अधिकारी वर्गात येऊन मदत करू लागले, आणि हिंदी वाचन सुधारलं. म्हणून मुख्याध्यापकांकडून ती ५ मिनिटं कुठल्या तासाची, हे परिषदेआधीच ठरवून घ्या.

पाटीवाला
धन्यवाद दोघांनाही. पाचवीतही काही मुलांना वाक्य वाचता येत नाही, त्यांचं काय? आणि महिन्याने फरक कसा बघायचा?

खडूफळा
प्रश्न वाचून दाखवा, उत्तर पाटीवर एका शब्दात किंवा चित्रात घ्या, 'तीन, दोन, एक' म्हणून सगळ्यांनी एकदम पाटी वर करायची. पण हा वाचन शिकवण्याला पर्याय नाही, त्या मुलांना गुणाकार यांनी सांगितलेला वेगळा तास लागेलच.

फरकासाठी शिक्षकाने दोन सारख्या अवघड पाठांपैकी एकाला ४ प्रश्न लावावेत, दुसरा नेहमीसारखा वाचून घ्यावा. दोन्ही शिकवून झाल्यावर प्रत्येकी १५ दिवसांनी, न सांगता, ५ प्रश्न. पुढच्या परिषदेला प्रत्येकाने तीन वह्या आणायच्या: एक पुढच्या मुलाची, एक मधल्याची, एक मागे पडणाऱ्याची. फक्त चांगल्या वह्या आल्या तर त्यातून काहीच कळत नाही.