खंडेनवमीला मशीनपुढं नारळ फोडायला नकार देणं हा हटवादीपणा आहे का?

शाहूपुरीकर
शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी सेटर आहे. घर आजोबांपासून ख्रिस्ती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं सगळा शॉप धुऊन काढतात. मी माझ्या मशीनची बर, म्हणजे धातूचा कीस, काढतो, कूलंटची टाकी उपसतो, चक पुसून तेलाचा हात देतो, झेंडूच्या माळा ओवायलाही बसतो. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, आरती, नारळ यातलं काही करत नाही, बाजूला उभा राहतो. यंदा मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "अरे, तुझ्या मशीनचा नारळ तूच फोड की. एवढ्यानं तुझा देव रागावतोय व्हय?" माणूस भला. मुलीच्या ॲडमिशनला उचल त्यांनीच दिली होती, म्हणून तर 'नाही' म्हणताना जीभ जड झाली. शेवटी हेल्परनं फोडला. संध्याकाळपर्यंत शॉपभर एकच, "ह्यो लई कडक हाय."

माझं मत सांगतो. आपल्या भागात ख्रिस्ती माणसाची परीक्षा छळानं क्वचित होते, आग्रहानं रोज होते. बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकात राजाच्या मूर्तीपुढं वाकायला नकार देणाऱ्या तिघांपुढं पेटती भट्टी होती. निदान समोर कोण उभं आहे ते कळत होतं. इथं पेढा धरलेला हात पुढं येतो. आपल्याकडची धर्मनिरपेक्षता धर्म घरी ठेवायला सांगत नाही, सगळ्यांचे सण सगळ्यांनी करायला सांगते. ते गोडच आहे, पण एकाच देवाला भजणाऱ्याची त्यात पंचाईत होते. मी राबायला तयार आहे, पूजा करणार नाही. यात कुणाचा अपमान होतो का?

गोकुळ शिरगाववाला
अपमान न्हाई, पर जिवाला लागतंय भावा. ज्या मशीननं वरीसभर पोट भरलं त्याला हात जोडायचा, ह्यात धरम कुठं आला? आमच्यातला मुसलमान वेल्डर सोताच्या मशीनला हार घालतोय आन ईदला आमास्नी शीरखुर्मा आणतोय. तुमच्या नाताळला आमी केक खातो, चर्चात जाऊन मेणबत्ती बी लावतो. आमचा धरम काय बुडाला न्हाई. येणंजाणं एकतर्फी नसतंय गड्या. उद्या मशीन बंद पडलं की लोक तुझ्याकडंच बघणार, ते बी ध्यानात ठेव.

विवेकवादी
मशीनला ग्रीस लागतं, कुंकू नाही. तरीही धागाकर्त्याची बाजू मी घेणार नाही. तुमचा नकार एका पोथीला सोडून दुसऱ्या पोथीतून आलेला. नारळ मीही फोडत नाही. मला आगाऊ म्हणतात, तुम्ही त्यालाच श्रद्धेची 'साक्ष' म्हणता. या गावात शाहू महाराजांच्या काळी जातीजमातींची बोर्डिंगं निघाली, त्यात इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होतं. तुम्हाला वेगळं कुणी धरलं? उलट तुमच्यातलेच काही जण दवाखान्यात पेशंटच्या उशाशी पत्रकं ठेवून जातात. संविधानाचं २५वं कलम प्रसाराचा हक्क देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्येच सांगितलंय.

शाहूपुरीकर
पत्रकांचं पटतं. सलाईन लावलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, तिथं धर्म सांगू नये. पण त्याच कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य प्रसाराच्या आधी येतं. केरळात 'यहोवाचे साक्षीदार' पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची, पण गायची नाहीत. १९८५ मध्ये शाळेनं काढलं, १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. मान राखून गप्प उभं राहणं म्हणजे अनादर नव्हे, असंच कोर्टानं धरलं. माझं उभं राहणं त्यातलंच.

गोकुळवाले, केक सगळ्यांचा. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, मात्र बाप्तिस्मा न झालेल्याला आम्ही देत नाही, आणि त्यावरून तुम्ही कधी रुसला नाही. मेणबत्ती लावलीत, आनंद आहे. लावली नसती तरी तुमचं मशीन बंद पडल्यावर मी तुमच्याकडं बघितलं नसतं.

मंडळीतला काका
सलाम. १८५२ साली मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले, तेव्हापासून आपली ख्रिस्ती मंडळी हेच प्रश्न सोडवत बसलीय. बायबलातली नामान सेनापतीची गोष्ट आठव. कुष्ठ बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या देवळात नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा असावी. संदेष्टा म्हणाला, शांतीनं जा. चाकरीतल्या माणसाला एवढी मोकळीक शास्त्रातच आहे. शिवाय माळ ओवलेली चालते आणि नारळ चालत नाही, ही रेघ आखली कुणी?

मला टोचतं ते वेगळंच. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची आरक्षणाची सवलत जाते. शिखांना १९५६ मध्ये मिळाली, बौद्धांना १९९० मध्ये, आपल्याला अजून नाही. म्हणून काही घरांत रविवारी पवित्र शास्त्र आणि दाखल्यावर हिंदू. पोरांच्या फीपुढं नावं तरी कुणाला ठेवायची? पण टिकून राहायचंच म्हणतोस तर नारळापाशी, का तहसील कचेरीतल्या फॉर्मपाशी?

गोकुळ शिरगाववाला
काका बराबर बोलले. आन जत्रंच्या मटणाचं काय रं? तवा पहिल्या पंगतीला असतोस की.

शाहूपुरीकर
प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलंय, पुढं वाढलेलं विचारपूस न करता खा. पण कुणी 'हे देवाला दाखवलेलं आहे' असं सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. तेव्हा भावा, कृपा करून सांगू नकोस, नुसतं वाढ.

काका, नामान क्षमा मागत होता, हक्क सांगत नव्हता. आणि जाताना दोन खेचरांवर मावेल एवढी इस्राएलची माती मागून घेतली, भजायचं ते एकाच देवाला म्हणून. रेघ मीच आखलीय. माळेनं शॉप सजतो, नारळ कुणाला तरी वाहिला जातो. दाखल्याचा सवाल खरा आहे आणि माझ्यापेक्षा मोठा आहे. आमच्या आजोबांनी खरं लिहिलं, त्याची किंमत वडिलांनी भरली. मला आयतं मिळालं. ज्यांनी तसं लिहिलं नाही त्यांच्याकडं बोट दाखवायची माझी टाप नाही. कायदा बदला असं मात्र मोठ्यानं म्हणायला पाहिजे, आणि ते मंडळीच्या व्यासपीठावरून फारसं ऐकू येत नाही.

मंडळीतला काका
मग पौलाच्याच रोमकरांस पत्राचा चौदावा अध्यायही वाच, भावाला दोष लावू नका म्हणणारा. उद्या आपल्यातल्या दुसऱ्या कुणी नारळ फोडला तर त्याच्याकडं वाकड्या नजरेनं बघू नकोस.

शाहूपुरीकर
नाही बघणार. पण "सगळेच करतात" म्हणत त्यानं माझ्या पोरीच्या हातात नारळ दिला, तर बोलणार.