'बेंड' म्हणजे वाकवणे की खेचणे? गिटारच्या तारांचे शब्द

प्रश्न (जळगाव)

दोन वर्षांपासून अकूस्टिक गिटार वाजवतोय. आजीकडून ऐकलेली अहिराणी लग्नगीतं त्यावर बसवायची आहेत. त्या चालींत एक सूर दुसऱ्यावर थेट जाऊन बसत नाही, लोंबकळत जातो. त्यासाठी तार 'बेंड' करावी लागते, पण माझ्या गिटारवर ती हलता हलत नाही. बोटांना घट्टे पडले, तरी अर्धा सूरही नीट चढत नाही. दुकानात म्हणाले, "लाइटच टाकल्या आहेत, याहून हलक्या कशाला?"

धाकट्या भावंडांना शिकवण्यासाठी मराठीत टिपण लिहितोय. त्यात 'तार वाकवणे' लिहिलं आणि वाचताना मलाच खटकलं. बेंड, गेज, वाउंड, ब्रॉन्झ, वॉर्म टोन यांना मराठीत काय म्हणावं? आणि तारा कोणत्या घ्याव्यात, तेही सांगा.

धुळे

भाऊ, खटकलं ते योग्यच. सळई वाकवतात, खिळा वाकवतात, आणि वाकवलेलं वाकडंच राहतं. इथे आपण तार पडद्यावर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर) दाबून आडवी ओढतो आणि सोडली की ती जागेवर येते. सतारवाले याला 'तार खेचणे' म्हणतात. त्यातून जो सूर ऐकू येतो ती 'मींड'. हातानं तार खेचायची, कानानं मींड ऐकायची. 'मींड घेणे' हे क्रियापद तयारच आहे, नवा शब्द घडवायचं कारण नाही.

'स्लाइड'ला मात्र मींड म्हणू नका. त्यात बोट तारेवरून एका पडद्याकडून दुसऱ्याकडे घासत जातं. त्याला 'घसीट' म्हणतात. सतारीवर एकाच पडद्यावरून चार-पाच सुरांची मींड निघते, कारण तिथे पडदे कमानदार आणि रुंद असतात. अकूस्टिक गिटारवर पूर्ण एक सूर चढला तरी पुष्कळ. आमच्या घरी सरळ 'तार वढ' म्हणतात. तुमच्या टिपणात तेही चालेल, भावंडांना लगेच कळेल.

रावेर

'गेज'बद्दल मी सांगतो, कारण याच शब्दानं मी फसलो होतो. आमच्याकडे केळीच्या बागांमुळे विहिरीच्या मोटरी रिवाइंड करणारी दुकानं गल्लोगल्ली. तिथे तांब्याची तार गेजवर मिळते आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. सतारीच्या तारांचंही तसंच, ३० नंबर २८ पेक्षा बारीक. गिटारच्या पाकिटावर उलटं असतं. तिथला १२ म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले १२, म्हणजे आकडा मोठा तर तार जाड. म्हणून टिपणात 'नंबर' किंवा 'गेज' न लिहिता 'जाडी' लिहा. 'पहिल्या तारेची जाडी १०' म्हटलं की गोंधळ उरत नाही.

आता तुमची अडचण. पाकिटावरच्या 'लाइट'चा अर्थ बहुधा १२ ते ५३, म्हणजे सगळ्यात बारीक पहिल्या तारेची जाडी १२ आणि सगळ्यात जाड सहावीची ५३. 'एक्स्ट्रा लाइट' १० ते ४७. मधला 'कस्टम लाइट' ११ ते ५२. सूर तोच ठेवला तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १० आणि १२ मधला फरक दिसायला दोनाचा असला तरी ताण ४४ टक्के जास्त. नेहमीच्या लांबीच्या गिटारवर १२ ची पहिली तार साधारण साडेदहा किलोनं ताणलेली असते, १० ची सव्वासात किलोच्या जरा वर. तार एक पूर्ण सूर खेचली की ताण २६ टक्के वाढतो. म्हणजे १० ची तार पूर्ण सूर खेचल्यावर नऊ-सव्वानऊ किलोला पोहोचते. तुमची १२ ची तार नुसती सुरात लावलेली असतानाच त्याच्या वर आहे! बोटांचा दोष नाही, दादा.

आणखी एक उपाय फुकटातला. सगळी गिटार अर्धा सूर उतरवून लावा, ताण ११ टक्के कमी होतो. लग्नगीतांना पट्टी थोडी खालची चालतेच.

चोपडा

'वाउंड'साठी काही जण 'पिळाची तार' लिहितात. आम्ही कापूसवाले, म्हणून हे पटत नाही. पीळ धाग्याच्या अंगातच असतो, सूत कातताना तो बसतो. गिटारच्या जाड तारेत मधे पोलादाचा गाभा सरळ असतो आणि वरून दुसरी तार गुंडाळलेली असते. तो वेढा झाला. 'वेढ्याची तार' आणि 'साधी तार' अशी जोडी लिहा.

हा भेद तुमच्या कामाचाही आहे. अकूस्टिकच्या संचात पहिल्या दोनच तारा साध्या, तिसरी वेढ्याची. मींड अडते ती याच तिसरीवर. इलेक्ट्रिकच्या संचात तिसरी बहुधा साधी असते. अकूस्टिकवरही १६ ते १८ जाडीची साधी तार तिसऱ्या जागी लावता येते. मात्र घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) वेढ्याच्या तारेसाठी घासलेली असते, त्यामुळे वरच्या पडद्यांवर ती साधी तार किंचित चढी वाजेल. कानाला खुपलं तर घोडीची ती जागा कारागिराकडून करून घ्या.

अमळनेर

ब्रॉन्झवर थोडं सविस्तर लिहिते, इथे मराठी पाकिटापेक्षा अचूक आहे. पाकिटावर '८०/२० ब्रॉन्झ' लिहिलेलं असतं, पण त्यात ८० भाग तांबं आणि २० भाग जस्त असतं. तांबं आणि जस्त म्हणजे आपलं पितळ! कासं म्हणजे तांबं आणि कथील. 'फॉस्फर ब्रॉन्झ'मध्ये साधारण ९२ भाग तांबं, बाकी बहुतेक कथील आणि नखभर फॉस्फरस. १९७४ मध्ये डॅडारिओ कंपनीनं त्या तारा बाजारात आणल्या. म्हणजे एक 'पितळी वेढ्याची तार', दुसरी 'काशाच्या वेढ्याची'. पायाला तूप लावून जी वाटी घासतात ती काशाची, हे आपल्या घरात पोराटोरांना ठाऊक असतं, मग तारांच्या बाबतीत दोन्हींना ब्रॉन्झ का म्हणायचं?

आवाजातही फरक आहे. पितळी वेढा खणखणीत वाजतो, पण घामानं लवकर उतरतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर फारच लवकर. काशाचा वेढा जरा भरदार, गोल वाजतो आणि टिकतोही थोडा जास्त. 'वॉर्म'ला 'उबदार' लिहू नका, उबदार गोधडी असते. 'भरदार' म्हणा. जुनी होऊन मेलेली तार 'बद्द' वाजते, तडा गेलेल्या मडक्यासारखी.

एक लक्षात ठेवा, वेढा पितळी की काशाचा यानं मींड सोपी होत नाही. पहिल्या दोन तारा दोन्ही संचांत पोलादाच्याच. मींड जाडीवर ठरते, आवाजाचा रंग वेढ्यावर. बारीक तारांनी खर्जाचा भरणा थोडा कमी होतो, म्हणून मी १० च्या संचात काशाचा वेढा घेते.

जळगाव (पुन्हा मीच)

ताई, भाऊ, सगळ्यांचे आभार. काशाच्या वेढ्याच्या १० ते ४७ तारा घातल्या, गिटार अर्धा सूर उतरवली. दुसऱ्या तारेवर मींड आली! हळदीच्या गाण्याची पहिली ओळ आजीला ऐकवली, तर ती मधेच थांबवून म्हणाली, की तिथे सूर वर जाऊन लगेच खाली येतो, तू वरच राहतोस. तार आधीच खेचून ठेवायची, मग छेडायची आणि सूर उतरवत सोडायची, असं करून पाहतोय. या उलट्या मींडेला आपल्याकडे वेगळा शब्द आहे का?

धुळे

आधी छेडून मग खेचतात ती अनुलोम मींड, आधी खेचून मग छेडतात ती विलोम. पण तुमच्या टिपणात 'खेचून छेडणे' लिहा, बोटांनी काय करायचं ते त्यातच आलं.