मदत हवी आहे: मोटर थंड करायला हवा कुठून फिरवू?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय, दांडिया बजारात राहतो, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष आहे आणि प्रोजेक्टमध्ये पुरता अडकलोय.

बोइंग ७८७ मध्ये केबिनची हवा इंजिनातून काढत नाहीत, इलेक्ट्रिक मोटरवर चालणारे कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून आत देतात, आता ती मोटर स्वतः तापते, तिलाही हवाच लागते. त्याचं छोटं मॉडेल काकांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात केलंय, एका टोकाला ब्लोअर, दुसरीकडून हवा बाहेर.

लोचा असा की हवा रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (स्थिर भाग) यांच्या गॅपमधून सरळ पळते आणि वाइंडिंगची, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांची, बाहेर आलेली टोकं तशीच भट्टी. उदबत्ती धरून बघितली तर धूर कोपऱ्यात नुसता घुटमळतो. २० मिनिटांत वार्निशचा वास सुटला, काकांनी स्विच बंद करून माझ्याकडे जे बघितलं ते जाऊ दे.

सगळे म्हणतात मोठा ब्लोअर लाव, पण मला पटत नाही, कारण ४०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव, म्हणजे पंखा तेवढाच फिरला तरी वजनाने पावच हवा मिळणार, बाहेर उणे ५६ डिग्री असली तरी. आणि विमान जमिनीवर उभं असताना, आमच्या मे महिन्यात, समोरून वारा पण नाही.

मग बॅफल (हवा वळवणारी पट्टी) लावून हवा आधी टोकांवर वळवू, की स्टेटरच्या पाठीमागून चॅनल काढू? प्रेशर ड्रॉप (वाटेत हवेचा दाब जेवढा घटतो तो) किती वाढेल? ज्यांनी स्वतः मोटर उघडलीय त्यांनी सांगा ना, आणि तापमान मोजायचे थर्मोकपल दोनच आहेत, ते कुठे चिकटवू तेही.